कार्बोरेटरातलं पाणी

कपाशीवर औषध फवारणारं विमान करमाडच्या शिवारात पडलं ते सदुसष्ट सालच्या ऑगस्टात, आणि खापर फुटलं मुकुंदच्या डोक्यावर. तो त्या विमानाचा मेकॅनिक. चौकशीला आलेल्या साहेबांना कार्बोरेटरात, म्हणजे पेट्रोल आणि हवा जिथं एकत्र होतात तिथं, पाण्याचे थेंब सापडले. पाणी सापडलं, म्हणजे मेकॅनिकनं पेट्रोल गाळलंच नाही. झालं, लागला निकाल! सोमवारी अहवाल जाणार होता आणि त्याबरोबर मुकुंदचं लायसनही.

मुकुंदनं पेट्रोल गाळलं होतं. रोज गाळायचा, चामड्यातून, डोळ्यांत तेल घालून. पण चार माणसं एकच गोष्ट सारखी सांगायला लागली, की माणसाला स्वतःचाच संशय यायला लागतो. जेवताना त्याचा घास हातात राहायचा. त्या दिवशी भुरभुर चालू होती. पेट्रोलच्या पिंपाचं झाकण तर उघडं राहिलं नसेल?

दुसरंही एक कारण असू शकत होतं. दमट हवेत, ढगांखाली इंजिन मंद करून विमान खाली आणलं, की कार्बोरेटरच्या गळ्यात बर्फ धरतो. आपल्याकडच्या पावसाळ्यातही धरतो. वैमानिकानं गरम हवेचा दांडा वेळेवर ओढला नाही, तर इंजिन गुदमरतं. विमान पडतं, बर्फ वितळतो, मागे उरतं नुसतं पाणी. साहेबांना हे ठाऊक नव्हतं असं नाही.

"बर्फ पाहिलाय कुणी?" त्यांनी एवढंच विचारलं.

कुणी पाहिला नव्हता. गावकऱ्यांनी पंचनाम्यात सांगितलं होतं, आम्ही जवळ गेलोच नाही, वैमानिक आपला आपणच बाहेर आला. वैमानिकाला काही आठवत नव्हतं. पण दवाखान्यात त्याच्या खाटेशी बसल्यावर मुकुंदच्या ध्यानात आलं, की ह्याची मांडी मोडलीय. तो सापडला होता विमानापासून वीस पावलांवरच्या बांधावर. मोडक्या मांडीनं हा तिथवर गेला कसा? रविवारी सकाळीच त्यानं सायकल करमाडच्या रस्त्याला लावली.

विमान पडलं ते रान बद्रीनाथचं होतं. त्यानं चहा पाजला, पावसापाण्याचं बोलला, पण विमानाचा विषय निघताच त्यानं कपबशा उचलायला घेतल्या.

"आमी काय बघितलं नाय. पोलिसांत एकदा गुंतलं की चकरा मारून जीव जातो."

मुकुंद उठला. तेवढ्यात चुलीपासून बद्रीनाथची बायको, द्वारकाबाई, म्हणाली, "त्याला मी वढून काढलं."

"गप ऱ्हा!"

"कुठवर गप ऱ्हाऊ? ह्या दादाचं तोंड बघा की." ती बाहेर आली. "वढताना हात टेकला, तिथं एक नळकांडं फुटलेलं व्हतं. आत बर्फ व्हता, दादा. लई गार. हात झटकला मी."

ते नळकांडं म्हणजे कार्बोरेटरचाच गळा, हे मुकुंदनं ओळखलं. आठ दिवसांत पहिल्यांदा त्याला पोटभर श्वास घेता आला.

"साहेबांसमोर सांगाल? तुम्हाला काही त्रास होणार नाही, असं मात्र मला म्हणता येत नाही."

द्वारकाबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. तो अंगठ्यानं माती उकरत राहिला.

"उद्याच्या एष्टीनं आणतो हिला," शेवटी तो कुरकुरला.

सोमवारी चिकलठाण्याच्या विमानतळावरच्या ऑफिसात साहेबांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. तुसडा नव्हता माणूस, पण अधिकारी होता.

"बाई, पावसात पत्रासुद्धा गार लागतो. तो बर्फच होता, कशावरून? तुमच्या गावात बर्फ मिळतो का?"

"गावात नाय मिळत," द्वारकाबाई म्हणाली. "गेल्या साली माझी पोर तापानं फणफणली. हितं सरकारी दवाखान्यात डाक्टरनं कपाळावर बर्फ धराया सांगितला. दोन रोज मीच धरून बसले व्हते. तिसऱ्या रोजी गेली ती." तिनं उजवा तळवा उघडून टेबलावर ठेवला. "बर्फ ह्या हाताला वळखू येतो, साहेब."

साहेबांनी टाइप झालेला अहवाल हळूच बाजूला सारला आणि कोरा कागद घेतला. लायसन वाचलं होतं. पण मुकुंदला काही आनंद होईना. त्यानं द्वारकाबाईसाठी खुर्ची ओढली.