दादाचा दंड

"सांग आता, काय बिघडलंय ते," दादा म्हणाला आणि त्याने उजवा हात माझ्या जेवणाच्या टेबलावर ठेवला, दुरुस्तीला आणलेला मिक्सर ठेवावा तसा. बाही आधीच वर चढवलेली होती. हा माणूस थंडीतही बाही खाली ठेवत नाही. दंड लोकांना दिसला नाही तर तो असून उपयोग काय!

मी कॉलेजात शरीरशास्त्र शिकवते, दादा व्यायामशाळा चालवतो. इतक्या वर्षांत माझ्या विषयातलं एक अक्षर त्याने मला विचारलं नव्हतं. काडीला स्नायूंतलं काय कळतंय, हे त्याचं मत, आणि काडी म्हणजे मी. माझं मत असं की, दिवसभर आरशात स्वतःच्या दंडाचं कौतुक करणाऱ्याला त्याच्या आत काय आहे हे कळायची गरजच पडत नाही.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"नसांचं आहे काहीतरी. वाढत जाणार म्हणे. त्यांचं सोड, ते स्वतः जिना चढताना धापा टाकतात. तू सांग, हा आतून असतो कसा?"

"दोर उसवला की सुतळ्या, सुतळी उसवली की धागे, तसा. दंडात जुडगे, जुडग्यात केसासारखे तंतू, तंतूत आणखी बारीक दोऱ्या. त्या दोऱ्यांत दोन जातींचे धागे, जाड आणि पातळ, एकमेकांत घुसलेले." मी दोन्ही हातांची बोटं एकमेकांत घालून दाखवली. "तू दंड फुगवतोस तेव्हा धागे आखूड होत नाहीत. जाड धाग्याला मुंडकी असतात. ती पातळ धाग्याला धरतात, ओढतात, सोडतात, पुढे धरतात. विहिरीतून बादली ओढावी तसं, हातावर हात. धागे एकमेकांत सरकतात आणि दंड आवळतो."

"माझ्यात जास्त तंतू असणार."

"तंतू जन्मापासून साधारण ठरलेले असतात. तुझे जाड झालेत इतकंच. मोजायला बसलं तर तुझ्या-माझ्यात फारसा फरक निघायचा नाही."

आजारापेक्षा हे त्याला जास्त झोंबलं. मग त्याने दंड माझ्या नाकाशी आणला.

"आणि हे काय मग?" कातडीखाली काहीतरी थडथडत होतं, इथे, तिथे, पुन्हा इथे. "मी काही करत नाहीये हं. आपोआप उड्या मारतोय. आजारी दंड असा उडेल का? आत जोर आहे, बाहेर यायला बघतोय!"

मी हसायला तोंड उघडलं, पण हसू आलं नाही.

"दादा, तो जोर नाही. नसेकडून निरोप आला तरच मुंडकी ओढायला लागतात. एकेका नसेच्या ताब्यात ढीगभर तंतू असतात. तुझ्या नसा मरायला लागल्यात. मरता मरता भलतेच निरोप पाठवतात, म्हणून हे उडतंय. नस गेली की तिचे सगळे तंतू बसून राहतात. बसून बसून वाळतात."

"व्यायाम वाढवला तर?"

"निरोपच नाही तर व्यायाम करणार कोण?"

त्याने बाही खाली ओढली. मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचा रागही आला.

"रविवारी सगळ्यांसमोर नेहमीचं वजन उचलतो," तो उठत म्हणाला. "वस्ताद संपले, अशी कुजबुज चाललीय. तोंडं बंद होतील."

"छातीवर पडेल."

"तुझं पुस्तक पडेल!"

शनिवारी वहिनीचा फोन आला. "माझं ऐकत नाहीत. तुम्ही तरी या. तुमच्यासमोर हसं नको म्हणून कदाचित थांबतील." बिचारीने संसार केला, पण नवरा तिला कळला नाही. रविवारी मला व्यायामशाळेच्या दारात बघून दादाने बारवर दोन प्लेटा आणखी चढवल्या.

चारी बाजूंना आरसे, मलमाचा वास आणि घरादार असलेले बाप्ये स्वतःच्या छात्या निरखत उभे. यांना घरी बादली उचलायला सांगा, लगेच पाठ धरते. तिथे दादाचा एक नियम होता: बाकावर पडून वजन उचलणारा स्वतः 'घ्या' म्हणेपर्यंत बारला दुसऱ्याने हात लावायचा नाही. दादा आयुष्यात कधी 'घ्या' म्हणाला नव्हता. जो म्हणे, त्याला तो आठवडाभर 'कापूस' म्हणून हाक मारी.

दादा आडवा झाला. बार खाली आला, छातीला टेकला आणि तिथेच राहिला. उजवी बाजू कलली. चेहरा लाल झाला, मग काळवंडला. डोक्यामागे त्याचा एक जुना चेला, बसचालक, बार धरायला उभा होता, तो नुसता बघत होता.

"अहो, घ्या ना ते!" मी ओरडले.

"वस्ताद अजून म्हणाले नाहीत, मॅडम." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, पण हात पाठीमागे. असल्या निष्ठेला काय चाटायचंय? माणूस चिरडतोय आणि हे नियम पाळतायत!

मी पर्स फेकली, बार धरला आणि ओढला. काडीच ती. बार तसूभर हलला नाही, माझं मनगट मात्र पिरगळलं. मी कळवळले तशी दादाने माझ्याकडे पाहिलं.

"सोड," तो म्हणाला. आवाज जेमतेम फुटत होता. "हात मोडेल."

"मोडू दे."

लहानपणापासून मला बघायची त्याची एक खास नजर आहे, झुरळाकडे बघतात तशी. त्या नजरेने त्याने मला एकदा बघून घेतलं. मग बसचालकाला म्हणाला, "घ्या रे. नाहीतर ही बया मरेल इथे."

चौघांनी बार उचलून जागेवर ठेवला. कुणी कुणाकडे बघेना, आणि एवढ्या आरशांत न बघणंही सोपं नव्हतं. एकजण हळूच प्लेटा उतरवायला लागला.

"राहू दे," दादा पडल्या पडल्या म्हणाला. "पुढच्याला लागतील."

"मग ऊठ की," मी म्हटलं. "पुढचा खोळंबलाय."

त्याने उजवा हात बाकाला टेकला. हाताने ऐकलं नाही. मग सगळ्यांदेखत त्याने डावा हात माझ्यापुढे केला आणि मी त्याला ओढून बसवलं.

बसचालक बाकावर आडवा झाला. मागे उभं राहायला दोघे पुढे आले. दादाने त्यांना मानेनेच बाजूला केलं आणि तिथे स्वतः जाऊन उभा राहिला. बसचालकाने खालून एकवार त्याच्याकडे पाहिलं आणि एकही प्लेट कमी न करता बार छातीवर घेतला.