चमकणारी पट्टी

"काऊन रे, झाडीत दिसू नये म्हणून हिरवी वर्दी, अन् तिच्यावरच लखलखणारी पट्टी?" शिलाई मशीनवरून धम्मशीला भावावर खेकसली.

"मले नको विचारू ताई, हुकूम हाय. अपघात होऊ नये म्हणे!" धम्मरत्न चिडला.

त्याची सुटी संपली होती, दीड तासात मलकापूरहून गाडी होती, अन् पट्टीबिगर युनिटात घेत नव्हते. छाती, पाठ, बाह्या, सगळीकडे पट्ट्या लागल्या, तेवढ्यात फोन आला. पट्ट्या रद्द, आता ज्याच्या वर्दीवर दिसन त्याले सजा.

त्यानं कपाळावर हात मारला. ताईनं मात्र एक धागा ओढला, तं अख्खी पट्टी हातात.

"कच्चे टाके मारले व्हते. मागच्या सुटीतही असंच झालतं ना!"

त्याचा जीव भांड्यात पडला. "ताई, तू तं आमच्या साहेबाच्या वरची निघाली! बाकीच्या गाडीत ओढतो, मले आता निघा लागते."