माडी नसलेला जिना

मी एक जुना जिना आहे मित्रांनो, आणि माझ्यावर चढून आजपर्यंत कुणीही कुठेही पोहोचलेलं नाही. चार पायऱ्या वर, मध्ये दोन पावलं जेमतेम मावतील एवढा चौथरा आणि पलीकडे चार पायऱ्या खाली. एवढाच मी. मला बनवणाऱ्या सुतारानं रंधा खाली ठेवत विचारलं होतं, "ताई, जिना झाला. आता घर कुठं बांधताय?"

या ताई म्हणजे फिजिओथेरपिस्ट. ज्यांचं हाड मोडलंय, गुडघा बदललाय, अर्धं अंग लुळं पडलंय, अशा माणसांना व्यायाम देऊन पुन्हा चालतं करायचं, हे त्यांचं काम. सगळे त्यांना फिजिओताई म्हणतात. काही जण अजूनही दारातून डोकावून विचारतात, "इथे मालिश करून मिळेल का?" त्यावर ताई हसून म्हणतात, "मालिश नाही, मेहनत मिळेल. तीही तुमचीच." गेली वीस वर्षं मी हे ऐकतोय, आणि अजून मला त्याचा कंटाळा आलेला नाही.

सुतारानं माझं काम मन लावून केलं होतं. प्रत्येक पायरी बरोबर सहा इंच उंच, केसभराचाही फरक नाही. दोन्ही बाजूंना गुळगुळीत कठडे, पायऱ्यांच्या कडांना काळ्या रबराच्या पट्ट्या. या सारखेपणाचा मला फार तोरा होता. तो पुढे कसा उतरला, ते सांगायलाच आज तोंड उघडलंय.

माझी उमेदीची वर्षं मोठ्या मजेत गेली. आरशासमोरच्या दांड्यांना धरून चालायला शिकलेला माणूस शेवटी माझ्याकडे यायचा. म्हणजे पाहा, मी वरचा वर्ग होतो. ताईंचा धडा ठरलेला असे. "चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी." माणूस चढू लागला की ताई त्याच्या मागे, एक पायरी खाली उभ्या राहत. हात पुढे धरलेले, पण त्याच्या अंगाला न लावलेले. एक धिप्पाड गवंडी माझ्या चौथऱ्यावर पोहोचला की चारी बाजूंना असा बघायचा, जणू सातव्या मजल्यावर उभा आहे. एक मास्तर आपल्या गुडघ्यालाच रागवायचे. मला ही सगळी माणसं आवडायची.

पुढे दिवस पालटले. क्लिनिक मोठं झालं आणि नवे व्यवस्थापक आले. पूर्वी ताई एका पेशंटला पाऊण तास देत, आता पंधरा मिनिटं मिळू लागली. दोन तरुण थेरपिस्ट दमून नोकरी सोडून गेल्या, एकच उरली. दिवसभर लोकांना उचलून उचलून ताईंच्याच कमरेला पट्टा आला. दुसऱ्यांना कसं वाकावं ते शिकवणारी बाई टेबलाला धरून खुर्चीत बसायची. मला ते बघवत नसे.

आणि भिंतीवर एक मोठा पडदा आला. त्याच्या डोक्यावर कॅमेरा. समोर उभं राहून जागच्या जागी पाय उचलला, की पडद्यावरचा डोंगर चढला जायचा. तो पडदा मोजायचा, गुण द्यायचा, शाबासकीसुद्धा द्यायचा. मग मला कोण विचारतो? मला कोपऱ्यात ढकललं. माझ्या पायऱ्यांवर लोक पिशव्या ठेवू लागले, कठड्यावर ओल्या छत्र्या लटकू लागल्या. खरं सांगतो मित्रांनो, माझा त्या पडद्यावर दात होता. पण लबाडी करणार नाही. ज्यांना इथवर येणं जमत नसे, त्यांना ताई त्याच्यावरून घरबसल्या व्यायाम शिकवायच्या, आणि ती माणसंही बरी व्हायची.

अशातच शिवणआजी आल्या. आयुष्यभर शिवणकाम केलेल्या, गळ्यात अजूनही मापाची टेप. घरात पडून खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झाल्यावर त्या लेकीकडे राहत होत्या. लेक दिवसभर नोकरीला, आणि आजींचा जीव आपल्या घरात अडकलेला. त्यांची खोली दुसऱ्या मजल्यावर, खिडकीशी पायाचं शिलाई मशीन. आल्या दिवशीच त्यांनी ताईंना बजावलं, "मला पळायचं नाही, नाचायचं नाही. माझा जिना चढून माझ्या मशीनपाशी बसायचंय. तेवढं करून दे बाई."

आजींनी मान खाली घालून मेहनत केली. सहा आठवड्यांनी पडद्यानं त्यांना शंभरात अठ्ठ्याण्णव गुण दिले. शेवटच्या दिवशी ताईंनी माझ्यावरच्या पिशव्या घाईघाईनं बाजूला केल्या. दोन्ही कठडे धरून आजी सरसर चढल्या, सरसर उतरल्या. कागदावर प्रश्न होता, जिना चढता येतो का? ताईंनी बरोबरची खूण केली. बाहेर तिघं ताटकळत होते. मीही फुशारून गेलो.

चौथ्या दिवशी आजी परत आल्या, लेकीचा हात धरून. चेहरा उतरलेला. लेकीनं सांगितलं ते ऐकून माझी लाकडं गार पडली. आदल्या दुपारी आजी आपल्या घराचा जिना एकट्या चढायला गेल्या होत्या. आठ पायऱ्या चढल्या आणि नवव्या पायरीपुढे पाय उचलेना. वर जाता येईना, खाली उतरायची हिंमत होईना. लेक कामावरून सुटून शोधत तिथे येईपर्यंत दोन तास पायरीवरच बसून होत्या.

"आता पुरे झालं," लेक म्हणाली. "आई माझ्याकडेच राहील. महिनाअखेरीस ती खोली आम्ही सोडून देतोय."

आजी टेपचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

ताई उठल्या. कमरेला हात लावत आजींसमोर स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "चूक माझी आहे, आजी. मी तुमचा जिना पाहिलाच नाही. पूर्वी कुणालाही सोडण्याआधी मी त्याच्या घरी जाऊन यायचे. आता वेळच होत नाही म्हणून बंद केलं. या जिन्यावर चढलात, म्हणजे झालं, असं धरून चालले."

मित्रांनो, ती चूक माझीही होती. मी सगळ्यांना सहा इंचांचीच सवय लावत आलो होतो. जगातला प्रत्येक जिना आपल्यासारखाच असतो, असा माझा समज होता.

"महिना संपायला अजून तीन आठवडे आहेत," ताई म्हणाल्या. "तेवढे मला द्या."

लेकीनं आईकडे पाहिलं. "तू काय म्हणतेस?"

"मी काय म्हणणार? मशीनला तेल घालायचंय," आजी म्हणाल्या.

त्याच संध्याकाळी लेक फोन घेऊन त्या घराच्या जिन्यावर उभी राहिली आणि इकडे भिंतीवरच्या पडद्यावर तो जिना उमटला. आजी इथे खुर्चीत बसून लेकीला हुकूम सोडत होत्या. "टेप ताणू नकोस. सरळ धर, तिरकी जातेय. जन्म गेला शिवणारणीच्या घरात आणि अजून माप घेता येत नाही तुला." लेक हसली. आईचा असा ओरडा तिनं बऱ्याच दिवसांनी खाल्ला होता.

मापं आली. पायऱ्या साडेसात इंच. कठडा एकाच बाजूला, उजवीकडे, तोही जिना वळतो तिथे आठव्या पायरीशी संपतो. आणि त्यापुढची नववी पायरी, नऊ इंच.

ताईंनी सुताराला बोलावलं. तो आता म्हातारा झालेला. डोकं खाजवत म्हणाला, "तेव्हा पाणसळ लावून सरळ करून घेतलात. आता मुद्दाम वाकडा कर म्हणता?" पण त्यानं केलं. डावा कठडा काढला. उजवा वरच्या दोन पायऱ्यांवरून कापून टाकला. पायऱ्यांवर फळ्या ठोकून उंची वाढवली आणि तिसरी पायरी नेमकी नऊ इंच केली. मग मला ढकलून भिंतीला टेकवलं. माझं रूप पार गेलं. आरशात पाहिलं तर मलाच हसू आलं.

तीन आठवडे आजी माझ्याशी झुंजल्या. लेकीच्या घरी सकाळी फोनसमोर मांडीचे व्यायाम, ते पडदा मोजायचा. दुपारी इथे मी. ताईंनी व्यवस्थापकांना स्पष्ट सांगितलं, "पंधरा मिनिटांत नऊ इंच होत नाहीत." त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण अर्धा तास दिला. कठडा संपला की तळहात भिंतीवर, दम घ्यायचा, चांगला पाय वर, मग काठी, मग दुखरा पाय. किती वेळा तरी आजी त्या तिसऱ्या पायरीपुढे थबकल्या. एकदा तर रडल्या. ताई एक पायरी खाली उभ्या राहिल्या.

महिन्याचा शेवटचा रविवार. ताई सुट्टी असूनही आजींच्या घरी गेल्या. लेकीनं फोन धरला, आणि इकडे उरलेली तरुण थेरपिस्ट खोली उघडून पडद्यासमोर बसली. मला समोरूनच दिसत होतं. मित्रांनो, माडी असलेल्या जिन्यावर कुणी चढताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

आठ पायऱ्या झाल्या. आजी थांबल्या. लेक म्हणाली, "आई, थांब, मी हात देते."

"नको. खालीच राहा," ताई म्हणाल्या.

आजींनी कठडा सोडला. हात भिंतीवर ठेवला. दम घेतला. चांगला पाय वर गेला, मग काठी, मग दुखरा पाय. वळणावरून त्या पुढे गेल्या आणि दिसेनाशा झाल्या. मागोमाग ताईही वळल्या. पडद्यावर नुसता रिकामा जिना राहिला. लेक फोन धरून तिथेच उभी होती. बऱ्याच वेळानं वरून आवाज आला. शिलाई मशीनचा. आधी अडखळत, मग सलग. लेक रडू लागली, तसा पडदाही हलू लागला.

त्यानंतर माझ्यावर कुणी छत्री लटकवत नाही. माझ्या फळ्या आता काढता-घालता येतात, प्रत्येकाच्या घराच्या मापानं वरखाली होतात. नव्या पेशंटला ताई आधी टेप देतात. पडद्यावरचा माझा दातही गेलाय. त्याच्याशिवाय मला तो जिना दिसला नसता.

मित्रांनो, माझ्या रबराच्या पट्ट्या झिजल्या तर बदला, एवढंच माझं स्वतःसाठी मागणं आहे. दुसरं मागणं तुमच्या घरासाठी. तुमचे आजोबा, काकू, आई, कुणीही जिन्यात मध्येच थांबलेलं दिसलं, तर घाई करू नका, वरून हात ओढू नका. गुपचूप जा आणि त्यांच्या मागे, एक पायरी खाली उभे राहा.