रागावर गोळी नाही

आगाथाआजींनी सूपचा वाडगा भिंतीवर फेकला, तेव्हा त्यांची मुलगी लोइस नेमकी दारात उभी होती.

"झालं! पुन्हा लघवीत इन्फेक्शन," ती मला म्हणाली. "मार्नी, नमुना पाठवा आणि अँटिबायोटिक सुरू करा."

कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतातल्या या वृद्धाश्रमात मी नर्स आहे. इथे म्हाताऱ्या माणसाचं वागणं बिघडलं, की सगळ्यांना आधी लघवीतल्या इन्फेक्शनचाच संशय येतो. गेल्या हिवाळ्यात आजी जराशा गोंधळल्या, तेव्हा आम्ही असाच नमुना पाठवला होता. या वयात काही त्रास नसतानाही लघवीत जंतू सापडतात. तरी गोळ्या दिल्या. पोटातले चांगले जंतू मेले, जुलाब लागले, आजी मरता मरता वाचल्या. शिवाय उरलेले जंतू आता नेहमीच्या गोळ्यांना दाद देत नाहीत.

"ताप नाही, दुखत नाही. नमुना पाठवणार नाही," मी म्हटलं.

"मी तक्रार करीन."

"करा."

डॉक्टर रेमपेल आले. आजींना तपासून त्यांनी विचारलं, "जळजळ होते?"

"होते. तुम्हां सगळ्यांची तोंडं बघून. लीना कुठे आहे?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. लीना वीब रोज आजींच्या शेजारी जेवायला बसायच्या. त्या दवाखान्यात वारल्या, हे आजींना कोणी सांगितलंच नव्हतं. आणि सकाळी आम्ही लीनाच्या जागी दुसऱ्याच बाईंना बसवलं होतं.

"मेली ना? मग सांगा की तसं! रडू दे मला. गोळी देऊन गप्प काय करता?"

"आई, निदान खबरदारी म्हणून..."

"तूच गिळ ती!"

डॉक्टर लोइसकडे वळले. "गोळी नाही. आम्ही लक्ष ठेवू. ताप आला, दुखायला लागलं, तर औषध देऊच. पण तेव्हा ते लागू पडायला हवं ना?"

लोइसने तक्रार केलीच. मॅनेजरबाईंनी मला बोलावून घेतलं. "नातेवाइकांचं मन राखत जा जरा."

"मन राखायला कॉफी पाजीन," मी म्हटलं. "औषध नाही."

आजींना ताप आला नाही. लीनाच्या अंत्यविधीला लोइसच त्यांना गाडीतून घेऊन गेली. चर्चमध्ये आजी सगळ्यांच्या वर आवाज चढवून लहानपणी शिकलेलं जर्मन भजन गायल्या, बेसूर. परत आल्यावर त्यांनी मला दटावलं, "यापुढे कोणी गेलं, तर जेवणाच्या खोलीत मोठ्याने सांगायचं. नाव घेऊन."

आता आम्ही तसंच सांगतो.