चार बोटं

मी एक होडी बोलतेय. इकडेतिकडे पाणी शोधू नका, वर बघा. सोफ्याच्या वर, दोन खिळ्यांना टांगलेली ती लालभडक, जिच्या दोन्ही कुशींवर सोनेरी अक्षरांत ‘पाकोळी’ लिहिलंय, तीच मी. पाहुणे येतात, चहाचा कप हातात घेऊन म्हणतात, “वा, काय देखणी आहे.” तेव्हा मला भिंतीत शिरावंसं वाटतं. देखणी झाले म्हणूनच तर ही पाळी आली.

लांबी म्हणाल तर दीड हात. शीड आहे, इंजिन नाही. काठावरचा माणूस रिमोटनं माझं शीड ओढतो, सैल सोडतो, सुकाणू वळवतो. एवढं पुष्कळ होड्यांना येतं. माझं वेगळेपण पोटाखाली आहे. तिथे पंख आहेत. वेग आला की ते पाण्यात राहून मला वर उचलतात, पोट पाण्याबाहेर येतं आणि मी नुसत्या पंखांवर पळते. निदान पळायला हवं.

मला घडवलं ते कवळ्या करणाऱ्या माणसानं. दातांचे डॉक्टर माप पाठवतात आणि हा दात बसवून देतो. आसपासच्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू याच्या हातचं. हात असा कसबी, पण जीभ? एका गिऱ्हाइकाची कवळी म्हणे तळ्यात पडली आणि पुढच्या उन्हाळ्यात गळाला मासा लागला तो हसत होता. ही गोष्ट त्यानं इतक्यांदा सांगितलीय की मासा दर वेळी थोडा वाढतो, आणि आता त्याला अक्कलदाढही आलीय.

तर अशा माणसाच्या घरी माझा जन्म. माझे पंख त्यानं हाताशी होतं त्याचेच केले. कवळीच्या हिरड्या ज्या प्लास्टिकसारख्या गुलाबी मसाल्याच्या करतात ना, त्याचे. कानशीनं घासून, कडा पात्यासारख्या पातळ करून. काम फर्मास, पण रंग हिरड्यांचा. मला टेबलावर उलटं ठेवलं की कुणीतरी आ वासून पडलंय असं वाटायचं. मला तेव्हापासून लाजायची सवय लागली.

पहिली चाचणी न्हाणीघरातल्या टबात झाली. दोऱ्यानं ओढलं, मी सरळ साबणावर जाऊन आपटले. मग तळ्याच्या कठड्यावरून गळाच्या काठीला बांधून तो मला ओढत चालायचा आणि लोक त्याला मासे मिळाले का विचारायचे. वेग आला की मी घोड्यासारखी मागच्या पायांवर उभी राहायची आणि उताणी पडायची. त्यानं मागच्या पंखाखाली कागदाचा कपटा सरकवला. मग मी नाकावर बुडाले. कपटा अर्धा कापला. पुन्हा उताणी.

शेवटी पुढे एक लवचीक काडी बसवली. तिला तो मिशी म्हणायचा. मिशी पाण्याला टेकलेली असायची. मी फार वर आले की ती खाली लोंबायची आणि तारेनं मागच्या पंखाला कळवायची, पुरे बाई, आता जरा खाली. आणि वजन! वजनाच्या बाबतीत तो कंजूष. दोरीच्या गाठीची उरलेली शेपटीसुद्धा कापून टाकायचा.

शीड त्याच्या बायकोनं शिवलं. ती पडदे शिवते. “पडदा लोंबला पाहिजे, शीड फुगलं पाहिजे,” ती म्हणाली, “नवरे मात्र दोन्ही करतात.”

आणि एका सकाळी मी उठले. तळ्यावर तो एकटाच होता. आडवा वारा आला, शीड ताठ झालं, आणि अचानक पाण्याचा आवाज थांबला. मी खाली पाहिलं तर माझीच सावली माझ्यापासून सुटलेली. मोजून चार बोटं वर. एका काठापासून जवळजवळ दुसऱ्या काठापर्यंत. तो ओरडला नाही, नाचला नाही. रिमोट छातीशी धरून उभा राहिला.

घरी येऊन त्यानं ताटावर बसता बसता सांगितलं. त्या दिवशी त्याचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, जेवायला होता. दर आठवड्याला असतोच. दुकानांच्या पाट्या रंगवतो.

“उडाली,” तो म्हणाला. “चार बोटं.”

“भाऊजी, तुमच्या तोंडी चार बोटं?” मेहुणा म्हणाला. “म्हणजे नक्की बुडाली.”

“अरे, खरंच.”

“ताई, यांचा ताप बघ गं.”

बायको मात्र नवऱ्याकडे बघत राहिली. “थाप असती तर झाडाएवढी असती,” ती म्हणाली.

“मग रविवारी दाखवा,” मेहुणा म्हणाला. “तळ्यावर सगळे होडीवाले जमतात. त्यांच्यासमोर उडाली तर तुमच्या आजवरच्या सगळ्या गोष्टी खऱ्या मानीन. माशासकट.”

“मासा राहू दे,” तो म्हणाला. “एवढी एक मान.”

त्याचा आवाज मला नवा होता. इतकी वर्षं लोक हसावेत म्हणून बोलणारा माणूस, आणि एकदाच त्याला वाटत होतं की कुणी हसू नये.

शनिवारी तो कवळ्या पोचवायला गेला असताना मेहुणा रंगाचे डबे घेऊन आला. “ताई, एवढ्या लोकांसमोर हिला अशी हिरड्या दाखवत नेणार? यांची लाज ती आपली लाज.” टर उडवली होती, ती आता त्याला खुपत असावी. आधी खाचाखोचा बुजवायला लांबीचा लगदा भरला, मग लाल रंगाचे हात, मग अक्षरं, अक्षरांना सावली. पंखसुद्धा सोडले नाहीत. फरशीवर पालथा पडून, जीभ दातांत धरून तो रंगवत होता.

आणि मी? मला सुखावल्यासारखं झालं. गुलाबी हिरड्या झाकल्या गेल्या, खिडकीच्या काचेत माझं लाल रूप दिसलं, आणि मी मनात म्हटलं, आता बघा म्हणावं. त्या सुखाची आठवण झाली की आजही माझी शिडाची काठी खाली जाते.

तो घरी आला. त्यानं मला दोन्ही हातांवर उचललं. दाताचा खडबडीतपणा बोटानं ओळखणारा माणूस तो. त्याचे हात किंचित खाली गेले. मग त्यानं पंखाच्या कडेवरून अंगठा फिरवला. पात्यासारखी कड गोल झाली होती. त्याला कळलं, आणि त्याला कळल्याचं मला कळलं.

नाकाला लाल रंग लागलेला मेहुणा समोर उभा. “कशी झालीय, भाऊजी?”

“नवरी दिसतेय,” तो म्हणाला.

रविवारी वारा असा की एका माणसाची टोपी तळ्यात गेली. तक्रारीला जागाच नव्हती. मी धावले, फेस उडवला, कण्हले, कुंथले. पोट पाण्याला चिकटलं ते सुटेचना. मिशी बिचारी पाण्यात रुतून बसली. एक बदक डावीकडून आलं, त्यानं माझ्याकडे वळून पाहिलं आणि मला मागे टाकून निघून गेलं. काठावर हशा पिकला.

मग हशा थांबला, कारण सगळे याच्या तोंडाकडे बघायला लागले. आता नामी कारण येणार, तळ्यात चुंबक आहे किंवा हसरा मासा पंखाला लटकलाय. खरं कारण तर त्याच्या जिभेवर तयार होतं.

“नाही उठली,” तो म्हणाला. बस एवढंच.

मेहुण्यानं त्याच्या खांद्यावर हात टाकला. “जाऊ द्या हो. दिसली मात्र झक्कास.”

घरी बायकोनं मला पिशवीतून काढलं आणि थबकली. “हिला काय जेवू घातलंत?”

तो मिशीला अडकलेलं शेवाळ काढत बसला.

“रंग,” ती म्हणाली. “सांगितलं का नाहीत त्याला?”

“फरशीवर पालथा पडून रंगवत होता गं. गुडघे दुखतात त्याचे.”

“आणि तुम्ही खोटे ठरलात ते?”

“मला सवय आहे.”

मला कुणी खरवडलं नाही. मेहुणा दर आठवड्याला जेवायला येतो आणि बसल्या बसल्या आपल्या अक्षरांकडे एकदा बघतो, मग खरवडणार कसं? म्हणून मी भिंतीवर. पाहुण्यांनी विचारलं की तो सांगतो, ही एकदा बदकावरून गेली, एकदा पुलावरून. लोक हसतात. पूल ऐकला की चार बोटं कोण विचारणार? आपलं एकुलतं एक खरं त्यानं असं थापांखाली पुरून टाकलं, आणि वर खूण म्हणून मला लटकवलं.

हल्ली त्याच्या टेबलावर एक नवी होडी आकार घेतेय. माझीच धाकटी बहीण, तेच गुलाबी पंख. परवा मेहुणा आला तो छोटी कुंचली घेऊन. माझं सोनेरी ‘पा’ जरा उडालंय. त्यानं मला खिळ्यांवरून काढलं आणि टेबलावर जागा करायला दुसऱ्या हातानं धाकटीला उचललं.

आणि तो तसाच उभा राहिला. एका हातात मी, दुसऱ्या हातात ती. एक हात खाली, एक वर. त्यानं हात बदलून पाहिले. पुन्हा तेच. मग माझ्या पंखाच्या जाड कडेवरून अंगठा फिरवला आणि तिच्या पातळ कडेवरून. बराच वेळ माझ्या अक्षरांकडे बघत राहिला. ‘पा’ न रंगवताच त्यानं मला परत टांगलं, तेही तिरकं.

तेवढ्यात घरधनी आला. कुंचली दिसली. घसा खाकरून म्हणाला, “हिलाही रंग देणार ना? हात तुझाच लागला पाहिजे.”

“नको,” मेहुणा म्हणाला. “गुलाबीच बरी दिसते.”

दोघंही धाकटीकडेच बघत होते.

“भाऊजी, तेव्हा किती म्हणाला होतात? चार बोटं?”

“चार.”

“मानली.” मग दाराशी जाऊन वळला. “मासा मात्र नाही.”

आत बायकोचं शिवणयंत्र थांबलं होतं. ते पुन्हा सुरू झालं.

येत्या रविवारी धाकटी तळ्यावर जाईल. मी इथेच, तिरकी. तुम्ही कधी आलात तर देखणी म्हणू नका, बाकी काही म्हणा. किती उडालीस एवढं विचारलंत तर फार बरं वाटेल. आणि मी लाजले की काय, हे बघायला जवळ येऊ नका. लाल रंगाचा तेवढा एक उपकार आहे, लाजलेलं कळत नाही.