अर्धा इंची जाळी

घड्याळजींच्या घरी सासूबाई राहायला आल्या त्या एक बॅग आणि पाच कोंबड्या घेऊन. बॅग अजून शाबूत होती. कोंबड्यांपैकी एक पहिल्याच आठवड्यात मुंगसानं नेली.

“जावईबापू,” सासूबाई चहाच्या कपात बघत म्हणाल्या, “आणखी एक गेली, तर उरलेल्या तुमच्या खोलीत झोपतील.”

घड्याळजींच्या खोलीत टेबलभर बशा, बशांमध्ये उघडी घड्याळं आणि तिळाएवढी चकचकीत चक्रं. कोंबडीच्या दृष्टीनं ताट वाढूनच ठेवलेलं. गिऱ्हाईक घड्याळ न्यायला आलंय, घड्याळ कोंबडीच्या पोटात टिकटिकतंय आणि आपण ‘उद्या सकाळी या, बहुतेक मिळेल’ असं सांगतोय, हे चित्र त्यांना स्वच्छ दिसलं.

त्याच दुपारी ते खुराड्यासाठी जाळी आणायला निघाले. बगलेत एक कोंबडी होती.

“अहो, ही कशाला?” बायकोनं विचारलं.

“मापाला.”

जाळीवाल्यानं आधी कोंबडीकडे पाहिलं, मग घड्याळजींकडे, आणि दोघांना मिळून एक स्टूल दिलं. घड्याळजींनी षटकोनी भोकांच्या जाळीचा तुकडा कोंबडीच्या तोंडासमोर धरला. डोकं काही आत जाईना.

“झालं. हीच द्या.”

“कोंबडी बाहेर येणार नाही, कबूल,” जाळीवाला म्हणाला. “पण तुमचं भांडण कोंबडीशी आहे का?”

“नाही, मुंगसाशी.”

“मग त्याचं माप घ्या की! ह्या जाळीची तार नुसती पिळलेली असते, दातानं सुटते. अर्धा इंची चौकोन न्या, वेल्डिंगचा. फूटभर जमिनीत पुरा आणि खालची कड बाहेरच्या अंगाला दुमडा. उकरणारा जाळीला नाक लावूनच उकरतो. दोन पावलं मागे जाऊन उकरावं, हे त्याला सुचत नाही.”

“आमच्याकडेही कुणाला सुचलं नसतं,” घड्याळजी म्हणाले.

आवारातला कोपरा सासूबाईंनी दाखवला. घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावलं, हातात चिमटा घेतला आणि जाळी प्रत्येक इंचाला तारेनं खांबाला बांधली. खाली फूटभर पुरून कड बाहेर दुमडलेली, वर छतालाही जाळी, दाराला दोन कड्या. कामाला चार दिवस लागले.

“कोंबड्या म्हाताऱ्या होतायत हो, जावईबापू,” सासूबाई अधूनमधून सांगून जात.

तिसऱ्या दिवशी कोपऱ्यातल्या फरशीखाली एक बीळ सापडलं. घड्याळजींनी ते मोजलं. चार इंच. तसं वहीत लिहिलं आणि पुढची तार बांधायला घेतली. आराखडा जाळीचा होता. फरशीखाली काय आहे, हा त्यांच्या खात्यातला प्रश्न नव्हता.

चौथ्या दिवशी दोन्ही कड्या घातल्या. कोंबड्या आणायला सासूबाई वळणार, तोच जाळीच्या आत फरशीखालून मुंगूस बाहेर आलं. चार दिवसांच्या ठोकाठोकीनं त्याचा चेहरा पार त्रासलेला होता.

ते जाळीवर धावलं. चावलं, चढलं, छताला उलटं लटकलं. अर्धा तास घरातली तिन्ही माणसं बाहेर उभी राहून बघत होती. एक तार हलली नाही.

“काम पक्कं झालंय,” घड्याळजी हळूच म्हणाले.

“मुंगसाची उत्तम सोय केलीत,” सासूबाई म्हणाल्या. “आता कोंबड्या तुमच्या खोलीत.”

“पण आणखी एक गेली तर, असं ठरलं होतं. गेलेली नाही!”

सासूबाईंनी विचार केला. मुद्दा कायदेशीर होता. “बरं. सकाळी मोजू.”

दार उघडलं. मुंगूस निघून गेलं, जाताना एकदाही मागे न बघता. घड्याळजींनी बिळात दगडविटा ठोकून भरल्या, वर फरशी बसवली. चार कोंबड्या आत गेल्या.

सकाळी ते आवारात गेले तर सासूबाई आधीच तिथे उभ्या. जाळीच्या चारही बाजूंना, अगदी तिला लागून, चर खणलेला होता. प्रत्येक चराच्या तळाशी दुमडलेली तार उघडी पडली होती आणि तिच्यावर नखांचे ओरखडे होते.

सासूबाईंनी बोटांवर मोजलं. मग उलट्या बाजूनं मोजलं.

“चार,” त्या म्हणाल्या. “माती परत ओढून घ्या तेवढी.”

घड्याळजींनी माती ओढली, पायानं दाबली, हात धुतले. खोलीत जाऊन भिंग लावलं आणि सगळ्या बशा एकेक करून नुसत्या बघितल्या.