काकडीचा बोर्ड कोणता?

रविवारी सकाळी अकोल्याच्या त्या मंगल कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती. लग्न नव्हतं, मुंजही नव्हती. जमलेली सगळी मंडळी डिप्लोमाची आणि इंजिनिअरिंगची पोरंपोरी, मागच्या खुर्च्यांवर काहींचे आईबाप. स्टेजवर टेक-योगी नितेशजी उभे. पांढरा कुडता, वर काळं जाकीट, कानाला माइक. समोर टेबल, त्यावर जमिनीपर्यंत लोळणारं मखमली कापड, आणि कापडावर काचेच्या हंड्यांखाली तीन मायक्रोकंट्रोलर बोर्ड. आर्डुइनो, ईएसपी आणि एसटीएम.

मायक्रोकंट्रोलर म्हणजे नखाएवढा संगणक. वॉशिंग मशीनपासून शेतातल्या पंपाच्या ऑटोस्टार्टरपर्यंत सगळीकडे तो गुपचूप राबत असतो. तो शिकायचा तर आधी एक बोर्ड घ्यावा लागतो, आणि पहिला बोर्ड कोणता घ्यावा याबद्दल मोबाईलवर शंभर व्हिडिओ आणि शंभर भांडणं. पोरं पार भंजाळून गेली होती. नितेशजींचं दुकान याच गोंधळावर चालायचं.

"बच्चो!" नितेशजी गरजले. "विद्यार्थी बोर्ड निवडत नाही. बोर्ड विद्यार्थ्याला निवडतो! तुमच्या नसानसांत एक फ्रिक्वेन्सी आहे. ती ज्या बोर्डाशी जुळेल तो तुमचा. चुकीचा बोर्ड घेतला की करिअर शॉर्टसर्किट! हे क्वांटम आहे, पुस्तकात सापडणार नाही."

पुस्तकात सापडणार नाही, हे मात्र त्यांनी अगदी खरं सांगितलं.

दर रविवारचा विधी साधा होता. हात ऊर्जाजलाच्या घंगाळात बुडवायचे. ते भिजत असताना नितेशजी प्रेमाने विचारायचे, "बेटा, बाबा काय करतात?" मग ओले हात टेबलावरच्या दोन तांब्याच्या गोळ्यांवर ठेवायचे आणि मनात शून्य-एक, शून्य-एक म्हणायचं. तीनपैकी एका हंडीत दिवा लागायचा आणि सभागृह टाळ्यांनी दणाणायचं. ज्याच्या वडिलांचा पेट्रोलपंप, त्याला एसटीएम. नोकरदाराच्या पोराला ईएसपी. शेतकऱ्या-मजुरांच्या पोरांना आर्डुइनो. ज्याचा बोर्ड महाग त्याची शिकवणीची बॅचही महाग, ही त्या फ्रिक्वेन्सीचीच कृपा म्हणायची. ओहमचा नियम पाठ असलेली ही पोरं तो नियम परीक्षेपुरता वापरायची.

पहिल्या रविवारी नीलमचा दिवा आर्डुइनोत लागला, तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

नीलम वलगावची. वडील नत्थुजी भाजीपाला लावतात आणि अमरावतीच्या बाजारात नेऊन विकतात. तिचा नंबर अकोल्याला लागला आणि ती होस्टेलवर आली, तेव्हापासून ती मेसमध्ये एकटीच जेवायची. कोणी तिला छळत नव्हतं. कोणाला ती दिसतच नव्हती. टेबलं आधीच भरलेली, गट आधीच जमलेले. ती भिंतीकडे तोंड करून बसायची आणि भराभर उरकायची. घरी फोन लावला तर वडील मळ्यात असायचे, फोन घरात खाटेवर वाजत राहायचा.

दिवा लागला त्या दुपारी आर्डुइनो बॅचच्या मोनालीने मेसमध्ये खुर्ची ओढून हाक मारली, "ये व नीलम! तू तं आपल्यातली निघाली!"

त्या खुर्चीसाठी नीलमने शून्य-एकच काय, हजारापर्यंत पाढे म्हटले असते. बॅचमध्ये तिचं कौतुक इतकं की तिला ऊर्जाजलाच्या घंगाळाची सेवा मिळाली. येणाऱ्याचे हात ती स्वतः बुडवून घ्यायची.

आणि या रविवारी दिवा लागला नाही.

रांगेत शेवटी करिश्मा होती, मूर्तिजापूरची, नीलमच्याच वर्गातली. तिची पाळी आली तोवर घंगाळ आटलं होतं आणि नीलम मागच्या पिंपातून ऊर्जाजल आणायला गेली होती. करिश्माने कोरडेच हात गोळ्यांवर ठेवले. मार्चची अकोल्याची हवा, हातावरची कातडी पापडासारखी. तिन्ही हंड्या काळ्याठिक्कर.

नितेशजींनी डोळे मिटले. "बेटी, तुझ्या शरीरात इलेक्ट्रॉनिक्स नाही. कोणताच बोर्ड तुला घ्यायला तयार नाही. शुद्धीचा कोर्स करावा लागेल."

सभागृहात कोणीतरी फिसकन हसलं. करिश्मा स्टेजवरून उतरली आणि भिंतीच्या कडेकडेने दाराकडे गेली. शेजारून जाताना एकानेही तिच्याकडे पाहिलं नाही. ती चाल कळशी भरून परतलेल्या नीलमच्या ओळखीची होती. मेसमध्ये ताट घेऊन ती स्वतः तशीच चालायची.

भरलेली कळशी नीलमच्या हातात तशीच राहिली. तिने बोट बुडवून जिभेला लावलं. खारं! तिचं आजोळ दर्यापूरकडचं, खारपाणपट्ट्यातलं. तिथल्या विहिरीच्या पाण्याने डाळ शिजत नाही. हे पाणी त्याहून खारट होतं. यात कोणीतरी मुद्दाम मूठभर मीठ टाकलेलं होतं.

होस्टेलवर येऊन तिने मल्टिमीटर काढला. कोरड्या बोटांत तारा धरल्या, तर काटा जेमतेम हलला. मिठाच्या पाण्यात बोटं बुडवून धरल्या, तर सटकन सरकला. वीज कोरड्या कातडीतून कष्टाने जाते, खारट पाण्यातून मजेत जाते. सातवीच्या पुस्तकातली गोष्ट. डाव्या गोळ्यातून उजव्या गोळ्यात हातांवाटे जरासा प्रवाह गेला की दिवा लागणार. त्यात फ्रिक्वेन्सी नाही, नशीब नाही. आणि तीनपैकी कोणता लागणार हे हात ठरवत नाहीत, म्हणजे ते ठरवणारं काहीतरी त्या लोळणाऱ्या कापडाखालीच असणार.

मग तिला पुढचं कळलं आणि ती खाटेवर बसून राहिली. करिश्माला बोर्डाने नाकारलं नव्हतं, तसंच नीलमलाही कोणी निवडलं नव्हतं. तिचे हात फक्त ओले होते.

हे बोललं तर ती खुर्ची जाणार होती. नीलमने आठवडाभर तोंड बंद ठेवलं आणि मोनालीच्या शेजारी बसून जेवली. रोज समोरच्या भिंतीशी करिश्मा जेवत होती, पाठ वळवून, भराभर. नीलमला घास गोड लागेना.

पुढच्या रविवारी रांग लागली तेव्हा नीलम घंगाळापाशी नव्हती, रांगेत होती. पाळी आल्यावर तिने पिशवीतून वडिलांनी पाठवलेली काकडी काढली, चांगली हातभर लांब, आणि दोन्ही गोळ्यांवर आडवी दाबून धरली. आपला हात काकडीला लागू नये म्हणून वर प्लास्टिकची पट्टी ठेवून तिच्यावरून दाबली होती.

आर्डुइनोच्या हंडीत लख्ख दिवा लागला. नितेशजींचा पाय सवयीने आपलं काम करून मोकळा झाला होता.

"गुरुजी," नीलम म्हणाली. "हे काकडी कोनत्या बॅचले बसवू?"

हास्याचा फवारा उडाला. नितेशजी कच्च्या गुरूचे चेले नव्हते. "वनस्पतीतही प्राण असतो, बेटा! काकडीतही ऊर्जा आहे!"

आणि सांगायला लाज वाटते, पण पुढच्या दोन रांगांनी माना डोलावल्या.

"मंग करिश्मात नव्हती का ऊर्जा?" नीलम ओरडली. "काकडीहून गेली का ते? तिचे हात कोरडे होते, बस! मिठाचं पानी हाय घंगाळात. चाखून पाहा! अन् कोनता दिवा लावाचा ते खालून ठरते. टेबलाखाली पाहा काय हाय!"

कापड उचललं ते करिश्माने. ती दाराशीच उभी होती, कधी आत आली कोणाला कळलं नाही. खाली फळीवर घराच्या दाराला असतात तशी बेलची तीन बटणं ठोकलेली होती, आणि पहिल्या बटणावर टेक-योगींच्या पायाचा अंगठा, चप्पल काढून.

पुढे जे व्हायचं ते झालं. मागचे आईबाप स्टेजवर चढले, नितेशजी जाकीट सोडून मागच्या दाराने पसार झाले. गर्दी नीलमभोवती जमली. तिला वाटलं, आता कोणी शाब्बास म्हणेल. एकजण म्हणाला, "ते राहू दे. तूच सांग आता, कोनता बोर्ड घ्यावा?"

"तुले बनवाचं काय हाय?" नीलमने विचारलं.

त्याने मागच्यांकडे पाहिलं. मागच्यांनी एकमेकांकडे.

"ते आधी ठरव ना बावा," ती म्हणाली. "पहिल्यांदा शिकतो, तं जळला तरी जीव जानार नाई असा स्वस्तातला घे. अडलं तं ज्याचं उत्तर जवळ कोनी देईन, असा घे. वायफाय लागते तं ईएसपी पाह्य. कारखान्यातलं मोठं काम कराचं तं एसटीएम शिक मागून. एक नीट आला की दुसरा येतेच. बोर्ड कोनाले निवडत नाई. आपन विचार करून निवडाचा असते."

इतकं साधं उत्तर ऐकायला कोणी आलं नव्हतं. गर्दी कुरकुरत पांगली.

दुपारी मेसमध्ये मोनालीने खुर्ची ओढली नाही. "तुह्यामुळं आमचं हसं झालं," एवढंच म्हणाली. नीलम ताट घेऊन भिंतीशी गेली. खरं बोलल्याचा आनंद तिला झाला असं कोणी सांगेल, तर ते खोटं आहे. तिला रडू येत होतं.

समोर ताट टेकल्याचा आवाज झाला. करिश्मा बसली. तिने ओढणीच्या गाठीतून एक बेलचं बटण काढून मधोमध ठेवलं, पळपुट्याच्या फळीवरचं.

"मले मालूम हाय मले काय बनवाचं ते," ती खाली मान घालून म्हणाली. "आईले ऐकू येत नाई. घरात एकटीच राह्यते. मानसं बेल वाजवून वाजवून वापस जातात, अन् तिले वाटते कोनी येतच नाई. बेल दाबली की आत दिवा लागला पाह्यजे. यासाठी कोनता बोर्ड लागन?"

नीलमने बटण हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं. घरातल्या खाटेवर वाजत राहणारा फोन तिला आठवला.

"एकही नाई," ती म्हणाली. "सेल, तार, दिवा अन् हे बटण. जेवून घे, आजच करू."